दहावं रूप

४ मार्च

भोंग्या,

पत्र नेहमीपेक्षा वेगळ्याच वेळी आलेलं बघून तू घाबरला असशील. बाबा आहेत. एवढं वाच, पाणी पी, मग पुढचं वाच.

डिसेंबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. पण तू येणार नाहीस आणि मग मला जन्मभर तुझा राग येत राहील, या भीतीने मी तीन महिने मूग गिळून बसले. आता काय बोलायचं ते बोल.

आधी कामाचं. बाबांचा चष्मा पलंगावरून पडला. डावी काच तडकली, एक काडी मोडली. काडीला मी शिवणाचा दोरा गुंडाळलाय, पण काचेला काय गुंडाळू? इथला चष्मेवाला म्हणतो, असल्या नंबरची काच यायला दोन महिने लागतील. सख्खा भाऊ दिवसभर चष्म्याच्या काचा घासत बसलेला असताना मी दोन महिने का थांबायचं? तुटका चष्मा डब्यात घालून सोबत पाठवतेय. त्याच नंबरचा नवा करून दे.

आता दुसरं, ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसले. बाबा फारसं बोलत नाहीत. 'पाणी', 'नको', 'दिवा', तेही अडखळत. पण रोज चार वाजता पलीकडच्या शाळेची सुटायची घंटा झाली की ते त्यांच्या जुन्या, वर्गातल्या आवाजात लॅटिन म्हणायला लागतात. एक अक्षर अडखळत नाही. मी कानावर पडलं तसं लिहिते:

लाउदातुस, लाउदातो, लाउदाते, लाउदाती, लाउदातीस.

प्रत्येक शब्दानंतर थांबतात आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात. शेवटच्या शब्दानंतर तर फारच वेळ. मग डावा हात गादीवर आपटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाच-सहा वेळा असं होतं. घामाने पाठ भिजते, कधी डोळ्यांतून पाणी येतं. मी कपडे बदलते. डॉक्टर म्हणतात, लक्ष देऊ नका. त्यांचं घर चार गल्ल्या लांब आहे, त्यांना जमतं ते.

पस्तीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना ही भाषा शिकवली, घरी तुला शिकवली. मला नाही शिकवली. म्हणून तुला विचारतेय. हा शब्द काय आहे? त्याचा अर्थ काय? त्यांना काही हवं असेल आणि मला कळत नसेल, या विचाराने मला शिवणातसुद्धा सरळ रेघ जमत नाही.

ताई


११ मार्च

ताई,

तीन महिने लपवलंस. मला राग आलाय आणि तो तुला दिसू नये म्हणून मी चार दिवस थांबून लिहितोय.

चष्मा मिळाला. नंबर मोजून घेतला, काचा घासायला घेतल्यात. पण नंबरावर भागत नाही. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये किती अंतर आहे ते मोजून कळव. झटक्यानंतर चेहरा एका बाजूला उतरतो, जुन्या मापाचा उपयोग नाही. शिवणाची टेप चालेल. फक्त कमरेचं माप घेतेस तसं 'शिवणीसाठी थोडं जास्त' असं करू नकोस.

त्या शब्दाचं विशेष काही नाही. क्रियापदापासून केलेलं एक विशेषण आहे, ते विभक्तीत चालवायचं असतं, आपल्याकडे 'केलेला, केलेल्याचा, केलेल्याला' होतं तसं. एकवचनाची सहा रूपं, अनेकवचनाची सहा. अगदी पहिल्या पानावरचा धडा. तू लिहिलेल्या यादीत मधली रूपं गळली आहेत. एक आहे, एक नाही. अर्धं विसरलेत ते. या दुखण्यात असं होतं म्हणतात. डॉक्टरांचं ऐक आणि जिवाला लावून घेऊ नकोस.

येण्याचं विचारलं नाहीस, बरं केलंस. इथे हाताखाली माणूस नाही आणि मालकांनी दवाखान्याचं मोठं काम घेतलंय.

तुझा भाऊ


१८ मार्च

भोंग्या,

माप घेतलं. त्रेसष्ट मिलिमीटर. बाबा हलले म्हणून तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेवढंच आलं. शिवणीसाठी काही ठेवलेलं नाही. नाकाच्या डाव्या बाजूला जुन्या चष्म्याने खड्डा पाडलाय, तिथे टेकू मऊ लाव.

आता माझं ऐक. अर्धं विसरलेत असं तू म्हणतोस. अरे, मी तर हे नऊ वर्षं असंच ऐकत आले. तू दहाचा होतास तेव्हापासून रोज चार वाजता बाबा तुला आत घेऊन दार लावायचे. मी बाहेर भाजी निवडत किंवा बटणं लावत बसलेली असायचे. दारातून हेच यायचं, याच क्रमाने, मध्ये अशीच जागा सोडून. पूर्वी शेवटी आणखी एकदा 'लाउदाती' असायचं आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज. तो झाला की मी समजायचे, सुटला बिचारा, दूध गरम करायला ठेवू.

तेव्हा विसरले नव्हते ना ते? मग आता विसरले असं कसं म्हणतोस?

शिवाय अर्थ तू सांगितलाच नाहीस. विशेषण आहे हे सांगितलंस. विशेषण असेल नाहीतर आणखी काही, मला त्याच्याशी काय करायचंय? मी सत्तेचाळीस वर्षांची झाले, बाबांच्या भाषेतला एक शब्द विचारतेय. तेवढ्यासाठी नाक मुठीत धरायला लावू नकोस.

ताई


२६ मार्च

ताई,

चष्मा सोबत आहे. काचा जमतील तेवढ्या पातळ केल्यात, वजन नाकावर येणार नाही. आधी तो त्यांना घाल आणि मग हे पत्र उजेडात बसून वाच.

तुझं पत्र मी घासायच्या चाकाजवळ उभा राहून वाचलं आणि चाक तसंच फिरत राहिलं. एक काच वाया गेली. बावीस वर्षांत ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, तुझ्या एका ओळीने आली. तू दाराबाहेर होतीस. बाबांचा आवाज तुला ऐकू यायचा, माझा यायचा नाही. लहानपणी गल्ली डोक्यावर घ्यायचो म्हणून तू मला भोंग्या म्हणायला लागलीस, पण त्या खोलीत माझ्या तोंडून आवाज फुटायचा नाही.

बाबांची शिकवायची रीत अशी होती. पहिलं रूप ते म्हणायचे, दुसरं मी. तिसरं ते, चौथं मी. अशी बारा. मी खुर्चीपाशी उभा. बारावं झालं की ते 'बस' म्हणायचे, मग बसायचं. 'छान' नाही, 'शाबास' नाही. 'बस' एवढीच काय ती शाबासकी. चुकलं तर काही बोलायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. शाळेतही हेच, गावातला कोणताही चाळिशीचा माणूस तुला सांगेल.

म्हणजे ते काही विसरलेले नाहीत. माझी रूपं माझ्यासाठी सोडतायत. तू तिथे आहेस आणि तुला कळत नाही, मी इथे आहे आणि मला कळलं नाही. धन्य आपण दोघं.

आता मी तुझ्यापासून लपवलेलं सांगतो. ते कुठे थांबतात हे तुझ्या पहिल्या पत्रातच मी ओळखलं होतं. 'लाउदातीस' हे नववं. दहावं माझं. शिक्षकाच्या जागेच्या परीक्षेत मी नापास झालो त्या दिवशी बाबांनी मला आत नेलं, दार लावलं आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. एकोणीस वर्षांच्या घोड्याला. मी नवव्यापर्यंत आलो आणि गप्प झालो. बाबा वाट बघत होते. मला येत होतं, ताई. झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं. मी मुद्दाम म्हटलं नाही. दार उघडलं आणि निघालो. पुढचं तुला माहीत आहे, तूच माझ्या पिशवीत स्वेटर कोंबलास.

अर्थ विचारतेस. 'वाखाणलेला.' ज्याला चांगलं म्हटलं गेलं, असा. नऊ वर्षं मी हा शब्द चालवला. वाखाणलेला, वाखाणलेल्याचा, वाखाणलेल्याला. त्यांच्या तोंडून तो माझ्या बाबतीत कधी आला नाही. म्हणून अर्थ लिहायला हात धजत नव्हता.

मागच्या कागदावर माझी सहा रूपं मोठ्या अक्षरात लिहिली आहेत, त्यांच्या रूपांच्या मध्ये कुठे म्हणायची तेही. खुर्चीपाशी उभी राहा आणि तू म्हण. मी येणार नाही. आलो आणि त्यांनी मला ओळखलंच नाही तर? किंवा ओळखलं आणि तोंड फिरवलं तर? तू म्हण आणि काय झालं ते कळव.

तुझा भाऊ


३ एप्रिल

भोंग्या,

चष्मा असा बसलाय की काढावासा वाटत नाही त्यांना. झोपेतही घालून ठेवतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि माझ्या केसांकडे बोट केलं. पांढरे झालेले आत्ता दिसले बहुतेक.

दोन दिवस मी मशीनवर बसून पाठ केलं. पायाखाली पायडल आणि तोंडात लाउदातोरुम. एक बाई झगा न्यायला आल्या होत्या, त्यांना वाटलं माझंही डोकं फिरलं.

काल घंटा झाली. मी खुर्चीपाशी उभी राहिले. बाबा 'लाउदातुस' म्हणाले आणि मी 'लाउदाती' म्हटलं. त्यांची मान सावकाश माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर गप्प होतील. 'लाउदातो' म्हणाले. मी 'लाउदातुम' म्हटलं. अनेकवचनाच्या दुसऱ्याला माझी त-त-प-प झाली, तर ते थांबले, पहिल्यापासून सुरू केलं नाही. थांबले फक्त. मग नववं आलं. मी 'लाउदातोस' म्हटलं तेव्हा त्यांचा हात गादीवरून उचलला गेला होता तो तसाच राहिला. अकरावं ते, बारावं मी.

मग ते म्हणाले, 'बस, भोंग्या.'

मला तूच समजले ते. झालं तुझं. आता तरी तिथे सुखाने काचा घास. त्यांनी काही मनात ठेवलेलं नाही.

ताई


९ एप्रिल

ताई,

काय लिहू. मालकांनी विचारलं, डोळ्यात काचेचं काही गेलं का? मी हो म्हटलं.

त्यांना माझं हे नाव ठाऊक होतं याचंच मला नवल वाटतंय. तुझ्याखेरीज मला कोणी भोंग्या म्हटलेलं आठवत नाही. नऊ वर्षं माझं नाव 'पुढचं' होतं, तेही तोंडाने नाही, त्यांची मान हलली की मी ओळखायचो.

सुट्टी मागितली. वीस तारखेला निघतो, चार दिवस राहीन. माझी रूपं मी स्वतः म्हणणार आहे. रस्त्याने चालताना म्हणून बघितली, सगळी आहेत जागच्या जागी. आता भीती कमी झाली आहे, ती तुझ्यामुळे.

तुझा भाऊ


१४ एप्रिल

भोंग्या,

तू निघायच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून धावतपळत टाकतेय.

मी खोटं लिहिलं. बाबा 'बस, भोंग्या' म्हणाले नाहीत. ते माझ्याकडे बघून म्हणाले, 'बस, पोरी.'

मला त्यांनी नीट ओळखलं होतं. त्या खुर्चीवर मी जन्मात पहिल्यांदा बसले, भोंग्या. बसले आणि रडले, आणि ते बघत होते. तुला लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, हे तुझं होतं आणि मी घेतलं. म्हणून तुझं नाव घातलं. दुसरं कारण जास्त वाईट आहे. ते दोन शब्द मला कोणालाच दाखवायचे नव्हते. तुझ्या नावामागे लपवले की माझे माझ्यापाशी राहतील असं वाटलं.

आता खरी काळजीची गोष्ट. त्या दिवसानंतर बाबांनी सुरूच केलेलं नाही. बारा दिवस झाले. चारची घंटा होते, ते खिडकीबाहेर बघतात, शांत पडून राहतात. हात आपटत नाहीत, घाम नाही. डॉक्टर खूश आहेत. मी नाही. ते तुझी वाट बघत होते आणि तुझी पाळी मी उरकून टाकली. आता तू येशील आणि तुझ्यासाठी काही शिल्लक नसेल.

रागावलास तरी ये. रागावलेला ये.

ताई


१६ एप्रिल

ताई,

रागावलो. मग तू भाजी निवडत दाराबाहेर बसलेली आठवलीस आणि रागावता येईना.

येतोय. ते सुरू करणार नसतील तर मी करीन.

तुझा भाऊ


८ मे

भोंग्या,

तार पाठवली तेव्हा लिहायला सुचलं नाही. तू गेल्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी, मी चहा फुंकून देत होते तेव्हा बाबा गेले. त्रास झाला नाही. बारीकसारीक सगळं आटोपलं. त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, टक्कल पडलेले, पोट सुटलेले. पुस्तकं न्यायला शाळेने माणूस पाठवला. तो पहिल्या पानावरचा धडा असलेलं पुस्तक मी दिलं नाही.

एक विचारायचं राहिलं. स्टेशनवर विचारणार होते, पण तू गाडीत चढताना इतका थकलेला दिसत होतास की तोंड उघडलं नाही.

तू आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी चारला तू आत गेलास आणि दार लावून घेतलंस. सवयीने, मला माहीत आहे. मी मशीन थांबवलं. तू बाबांची रूपं म्हणत होतास, मध्ये जागा सोडून. गल्लीत ऐकू जावं असा आवाज लागला होता तुझा. त्यांचा आवाज तोवर इतका बारीक झाला होता की उशीपाशी कान नेल्याशिवाय 'पाणी'सुद्धा कळायचं नाही. एके ठिकाणी तू त्यांच्यातला नसलेला एक शब्द म्हणालास. तो माझ्या कागदावरचा होता. मग खुर्ची सरकली.

म्हणजे परत मला अर्धंच ऐकू आलं. मधल्या जागांमध्ये काही होतं का? खरं लिही. बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, तो धंदा माझा.

चष्मा माझ्याकडे आहे. पाठवू का?

ताई


१५ मे

ताई,

खरं लिहितो.

आधी मी चष्मा नीट केला. डावी काडी कानामागे टोचत होती, ती जरा वाकवली. एवढ्या जवळून मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. ते माझ्याकडे बघत होते. ओळखलं असावं असं मला वाटतं. पोर म्हणून नसेल, चष्मेवाला म्हणून असेल.

मग खुर्चीपाशी उभा राहिलो आणि त्यांचं पहिलं रूप म्हटलं. थांबलो. काही आलं नाही. तिसरं म्हटलं, थांबलो. काही नाही. ओठ हलतायत का बघत होतो, हलत नव्हते. त्यांची जागा घेतल्यावर मला पहिल्यांदा कळलं, उत्तर येत नसताना थांबून राहणं किती कठीण असतं. नऊ वर्षं त्यांनी ते केलं आणि शेवटचे तीन महिने रोज.

नवव्याला सगळ्यात जास्त थांबलो. मग दहावं मीच म्हटलं. ते माझं देणं होतं आणि म्हणायचं तर मोठ्यानेच म्हणायचं ठरवलं होतं. तुला ऐकू गेलं ते बरं झालं. अकरावं म्हटलं, बारावंही मीच, ते कानाला नवव्यासारखंच लागतं. मधल्या कोणत्याच जागेत काही नव्हतं, ताई.

झाल्यावर उभाच राहिलो. आता कुठे जायचं ते कळेना. ते चष्म्यातून माझ्याकडे बघत होते, काच अगदी स्वच्छ होती. मग त्यांनी डावा हात उचलला आणि गादीच्या कडेवर आपटला. दोनदा.

चिडले की ते असा हात आपटतात हे तूच मला पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. हे तेच होतं की दुसरं काही, ते मला सांगता येणार नाही. बावीस वर्षं काचा घासून माणसांना नीट दिसायची सोय करतोय आणि हातभर अंतरावरचं मला दिसलं नाही.

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या हाताशी बसलो.

चष्मा पाठवू नकोस. तुझा नंबर कळव, त्याच चौकटीत तुझ्या काचा बसवतो. आणि ते पहिल्या पानाचं पुस्तक बाहेरच ठेव. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा तू कागद न बघता म्हणायचंस. खुर्चीपाशी मी उभा राहीन, तू बसून म्हण.

तुझा,
भोंग्या